भिंतीवर पाचवं घड्याळ नको: दहावीच्या दोन्ही तुकड्यांचं मुख्याध्यापक बाईंना खुलं पत्र

माननीय मुख्याध्यापक बाई आणि शालेय समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

दहावीची प्रत्येक बॅच जाताना शाळेला काहीतरी भेट देते आणि ते बहुधा भिंतीवरचं घड्याळ असतं. सभागृहात अशी चार घड्याळं आहेत आणि चारही वेगवेगळ्या वेळा दाखवतात. देणारे निघून जातात, आणि दीड-दोन वर्षांनी त्यात सेल घालायचं काम कुणाच्याच नावावर नसतं. हे पत्र अशाच कामांबद्दल आहे.

पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं एका इमारतीत काढली की कोणत्या नळाला पाणी येतं, कोणत्या बाकाचा खिळा पँट फाडतो, ऑफिसात कोणता कागद कधी मागायचा, हे सगळं पाठ होतं. ही माहिती दरवर्षी मार्चमध्ये शाळेबाहेर पडते आणि जूनमध्ये नव्या दहावीला त्याच जागी ठेच लागते. निरोप समारंभात हे बोलता येत नाही. तिथे गुलाबाचं फूल, समोसा आणि ‘शाळा म्हणजे आमचं दुसरं घर’ यांचा क्रम ठरलेला असतो. पेपर संपले, आता निवांत लिहितो आहोत. मागण्या थोड्या आहेत आणि पैसे लागतील अशा तर अगदीच मोजक्या.

सुरुवात प्री-लिस्टपासून, म्हणजे अर्जात भरलेली माहिती तपासायच्या यादीपासून, कारण सगळ्यात महाग पडणारी चूक तिथे होते.

दहावीचा परीक्षा अर्ज शाळा ऑनलाइन भरते. मग मंडळाच्या प्री-लिस्टची प्रिंट काढून प्रत्येकाची सही घेतात. आपल्याकडे ही सही मधल्या सुट्टीत होते. टेबलाभोवती सगळी तुकडी, पेन एकच, आणि मागून ‘कर ना पटकन’. सही करणारा आपलं नाव वाचतो, बरोबर दिसलं की सही ठोकतो. नावात चूक क्वचितच असते. ती असते पुढच्या रकान्यांत: आईचं नाव, जन्मतारखेतला महिना, इंग्रजी स्पेलिंगमधलं एखादं जादा अक्षर, संवर्ग, आणि विषय. विषयांतला ठरलेला घोळ संपूर्ण आणि संयुक्त यांचा. संयुक्त म्हणजे हिंदी 50 आणि संस्कृत 50. संपूर्ण म्हणजे एकाच भाषेचे 100. दोन्हींच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात. चुकीची नोंद राहून गेली तर कळते हॉल तिकीट हातात आल्यावर, आणि तेव्हा वर्गशिक्षकांपासून विभागीय मंडळापर्यंत सगळ्यांची पळापळ.

सही करताना समोर तीन कागद हवेत: जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद. पहिले दोन घरून आणता येतात. तिसरा ऑफिसच्या कपाटात असतो आणि मुलांना तो दाखवायची पद्धत नाही. खरा महत्त्वाचा तोच, कारण शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच लिहिला जातो. त्यातली नाव, जन्मतारीख किंवा जातीच्या नोंदीची दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होऊ शकते. एकदा दाखला निघाला की त्याच दुरुस्तीसाठी हेलपाटे घालत बसावं लागतं. पाचवीत प्रवेश घेताना जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दाखल्यावरून जे उतरवलं गेलं, तेच पुढे पाच वर्षं कुणी न बघता चालत येतं.

म्हणून ही पडताळणी दहावीच्या ऐन गडबडीत करण्याऐवजी आठवीच्या जूनमध्ये व्हावी. प्रत्येक तुकडीला एक तास द्या. हजेरी क्रमांकाने बोलवा, रजिस्टरमधल्या त्या एका ओळीची झेरॉक्स घरी पाठवा, आणि पालकांनी प्रत्येक रकान्यापुढे हाताने ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असं लिहून दोन दिवसांत परत करावी. खाली नुसती सही चालणार नाही असं आधीच सांगा. नुसती सही मागितली की वाचायचं राहतं. शिवाय कुणाच्या कागदांत घोळ आहे याचा अंदाज ऑफिसकडे आयताच आहे: ज्यांचा अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) निघत नाही, त्यातल्या बऱ्याच जणांचं आधारवरचं नाव आणि शाळेच्या यू-डायसमधलं (सरकारच्या ऑनलाइन नोंदीतलं) नाव जुळत नसतं. ती यादी भाऊसाहेबांच्या संगणकात पडून आहे. तिथूनच सुरुवात केली तर अर्धं काम झालं.

आठवीत सुटणाऱ्या आणखी दोन गोष्टी पैशांच्या आणि गुणांच्या आहेत, त्या इथेच सांगतो.

एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली की नववी ते बारावी दरमहा 1,000 रुपये, म्हणजे चार वर्षांचे 48,000. परीक्षेची तयारी शाळा मनापासून करून घेते, त्याबद्दल तक्रार नाही. गळती होते ती पास झाल्यावर. नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नवा अर्ज भरायचा असतो आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण. ते चुकलं की त्या वर्षाचे 12,000 गेले. खातं मुलाच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं लागतं. पाचवीत काढलेली खाती बरीच वर्षं व्यवहार न झाल्याने बंद पडलेली असतात, आणि ते बँकेत गेल्यावरच समजतं. पुढे अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहायची तर दहावीत 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना यात 5 टक्क्यांची सूट आहे. हे आकडे निकालाच्या अभिनंदनाच्या बोर्डावरच, फोटोंच्या खाली, मोठ्या अक्षरांत लिहिले तर बरं. बोर्ड सगळे वाचतात, परिपत्रक कुणी वाचत नाही.

दुसरी चित्रकलेची ग्रेड परीक्षा. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण, बी ला 5, सी ला 3. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट, तेव्हा दहावीच्या वर्षी धावपळ नको असेल तर आठवीतच फॉर्म भरायला हवा. आणि हे गुण आपोआप पडत नाहीत. शाळेला प्रमाणपत्राच्या प्रतीसह प्रस्ताव मंडळाच्या मुदतीत पाठवावा लागतो. प्रमाणपत्रावरचं नाव आणि परीक्षा अर्जावरचं नाव जुळत नसेल तर तो अडतो, म्हणजे गाडी पुन्हा जनरल रजिस्टरवर येते.

आता प्रयोगशाळा. विज्ञानात 20 गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते जवळजवळ सगळ्यांना भरभरून मिळतात. त्यामुळे तिथे काही अडतंय हे निकालाच्या कागदावर कधीच उमटत नाही.

प्रयोगवह्या मागच्या बॅचच्या वह्यांवरून उतरतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर प्रत्येक वहीत 10 सेंटिमीटर सापडेल. दहाची भिंगं केव्हाच फुटली, पेटीत आता 15 ची आहेत. वहीत मात्र दहाच चालू आहे. भिंग स्टँडला लावायचं, एका बाजूला दूरची वस्तू, दुसऱ्या बाजूला पांढरा पडदा. पडदा मागेपुढे सरकवत उलटी, लहान आणि रेखीव प्रतिमा मिळाली की भिंगाच्या मध्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजायचं. असं तीन वेळा, मग सरासरी. यात ‘दूरची’ हा शब्द सगळे गिळतात. सोयीची म्हणून खिडकीच्या गजांची प्रतिमा घेतली जाते. गज टेबलापासून अडीच मीटरवर असले तर 15 सेंटिमीटरच्या भिंगाची प्रतिमा जवळपास 16 वर पडते. ग्राउंडच्या पलीकडचं, 25 मीटरवरचं झाड धरलं तर 15.1 वर. दोष भिंगाला दिला जातो, घोळ खिडकीचा असतो. त्यात लाकडी पट्ट्यांची शून्याकडची टोकं झिजली आहेत. ज्यांना ते माहीत आहे ते 1 पासून मोजतात, आणि त्यांतले काही शेवटी 1 वजा करायला विसरतात. वर ट्यूबलाइट चालू असेल तर प्रतिमा पुसट दिसते आणि ‘रेखीव’ नेमकी कुठे हेच ठरत नाही. लॅबचे काळे पडदे गॅदरिंगला स्टेजवर गेले ते तिथेच राहिलेत. ते परत आणून लावले तरी निम्मा प्रश्न सुटेल.

मोरचूदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात लोखंडी खिळा टाकला की खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि निळं द्रावण फिकट हिरवट होतं. हे पुस्तकात आहे आणि परीक्षेत येतं. आपल्या लॅबमध्ये द्रावण हिरवट होत नाही, निळा रंग उडून ते पाण्यासारखं दिसतं. कारण साधं आहे: हार्डवेअरच्या दुकानातून आलेले खिळे जस्ताचा मुलामा दिलेले असतात. तांब्याला आधी जस्त हटवतं, आणि झिंक सल्फेटच्या द्रावणाला रंग नसतो. म्हणजे डोळ्यांना दिसतं ते बरोबरच असतं. पण मागच्या वहीत ‘हिरवट’ लिहिलेलं असतं, म्हणून दिसलेलं खोडून तेच उतरवलं जातं. प्रयोगाच्या तासाला याहून उलटं शिक्षण दुसरं कुठलं असेल असं आम्हाला वाटत नाही.

दुकानदाराकडे बिनमुलाम्याचे काळे खिळे मागावेत. पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावेत, कारण वरचं तेल किंवा गंज राहिला तर थर नीट चढत नाही. परीक्षानळीत 10 मिलिलिटर द्रावण, खिळा दोऱ्याने सोडायचा आणि 20 मिनिटं थांबायचं. एक घासलेला खिळा तुलनेसाठी बाहेर ठेवायचा. तास 35 मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जातात, म्हणून खिळे आधीच घासून ठेवलेले नसतील तर हा प्रयोग तासात बसत नाही. मग ‘समजा झालं’ म्हणून पुढे जावं लागतं.

‘समजा झालं’चा तिसरा प्रयोग चुनकळीचा. कॅल्शिअम ऑक्साइडमध्ये पाणी घातलं की बीकर गरम व्हायला हवा; आपला गार राहतो. बाटलीचं झाकण सैल आहे. चुनकळी हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि महिन्या-दोन महिन्यांत बाटलीतल्या बाटलीत विरून जाते. मग पाणी घालून उष्णता यायची कुठून? वर्षाला एक मोठी बाटली घेण्यापेक्षा घट्ट झाकणाची लहान बाटली प्रयोगाच्या आठवड्यात मागवावी. मात्र ताजी असेल तेव्हा 5 ग्रॅम पुरे आणि पाणी ड्रॉपरने थेंब थेंब घालायचं. ताजी चुनकळी पाण्याबरोबर उसळते आणि डोळ्यात गेली तर इजा गंभीर होते. गार बीकरची सवय झालेल्या मुलांच्या हाती एखाद्या वर्षी अचानक ताजा माल आला तर काय होईल, याची आम्हाला काळजी वाटते.

सूक्ष्मदर्शक तीन आहेत, स्वच्छ दिसतं एकातून. बाकी दोघांच्या भिंगांवर बुरशीची जाळी आहे, कारण पावसाळाभर ते लाकडी पेटीत कोंडलेले असतात. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला असं समजायचं. मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे होतात. पुडी आम्ही तीनही पेट्यांत ठेवली आहे. लागलेली बुरशी मात्र जाणकाराकडूनच काढून घ्यावी लागेल. रुमालाने पुसायचा प्रयत्न झालेला आहे आणि त्याचे ओरखडे दिसतात. कांद्याच्या मुळाच्या टोकातलं सूत्री विभाजन आमच्यातल्या बहुतेकांनी पुस्तकातल्या चित्रातच बघितलं.

पूर्वपरीक्षेचं गणित थोडक्यात मांडतो. मंडळाचा भाषेचा पेपर 80 गुणांना 3 तास, म्हणजे दर गुणाला सव्वादोन मिनिटं. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे 40 गुणांचे पेपर 2 तासांचे, म्हणजे दर गुणाला 3 मिनिटं. वेळ अपुरा पडतो तो भाषांना, आणि आपण धास्ती घेतो गणिताची. दुपारच्या शिफ्टला वर्ग मोकळे करून द्यायचे म्हणून आपल्याकडे 80 गुणांची पूर्वपरीक्षा अडीच तासांत आटोपतात. मराठीच्या पेपरात गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16 आणि उपयोजित लेखन 24. पहिल्या चार विभागांच्या 56 गुणांना सव्वादोनच्या हिशेबाने 2 तास 6 मिनिटं लागतात. मंडळाच्या पेपरात मग उपयोजित लेखनाला 54 मिनिटं उरतात. आपल्या पूर्वपरीक्षेत 24. त्या 24 मिनिटांत 6 गुणांचं पत्र, 5-5 गुणांच्या दोन कृती आणि 8 गुणांचा निबंध बसवायचा. बसत नाही, म्हणून निबंध अर्धा सोडायची सवय लागते, आणि वेळ असूनही बोर्डाच्या पेपरात हात तसाच चालतो. पूर्वपरीक्षा रविवारी घ्या, सकाळी 11 ला, पूर्ण वेळेची.

आणि एक जुनी सूचना आता बंद करावी. ‘पहिली दहा मिनिटं पेपर नुसता वाचा’ असं अजून सांगितलं जातं. 2023 पासून मंडळाने प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी देणं थांबवलं आणि तीच दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली. आता सुरुवातीला वाचत बसणं म्हणजे लिहिण्याचीच वेळ खर्च करणं. ती शेवटची दहा मिनिटं पुरवण्या क्रमाने लावून बांधायला, प्रश्न क्रमांक तपासायला आणि राहिलेली एखादी आकृती पुरी करायला फार उपयोगी पडतात.

प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वर्गात एकदा मोठ्याने वाचून घ्याव्यात, ही विनंती सगळ्याच विषयांच्या शिक्षकांना. मराठीत सारांशलेखनाचा उतारा पाचव्या प्रश्नात छापलेला नसतो. पहिल्या प्रश्नातला अपठित उतारा तोच सारांशासाठी घ्यायचा असतो. ज्यांना माहीत नसतं ते उतारा शोधत पानं उलटतात आणि शेवटी ‘उतारा छापलेला नाही’ असं पर्यवेक्षकांना सांगतात. मराठीच्या आकृत्या पेननेच काढायच्या. गणिताच्या बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर लिहायचं आणि पहिलाच प्रयत्न धरला जातो, म्हणून खाडाखोड करून उपयोग नाही. भूमितीत रचनेचे कंस पुसायचे नाहीत. वही नीटनेटकी हवी म्हणून सातवीपासून ते पुसायला लावलं जातं आणि दहावीत तीच सवय नडते.

भूगोलाचं तर नवलच. दहावीचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवतं: हवामान, नद्या, लोकसंख्या, रेल्वे, पर्यटन, सगळं. शाळेत भारताचे तीन मोठे नकाशे आहेत, ब्राझीलचा एकही नाही. ॲमेझॉनचं खोरं फळ्यावर हाताने काढलेल्या बटाट्यासारख्या आकारात शिकावं लागतं. परीक्षेत नकाशाचा स्टेन्सिल वापरायला परवानगी असते, पण गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात भारताचा मिळतो, ब्राझीलचा सांगून मागवावा लागतो आणि तो फेब्रुवारीत येतो. निरोपाच्या भेटीसाठी काढलेल्या आमच्या वर्गणीतून पहिली खरेदी ब्राझीलच्या भिंतीवरच्या नकाशाची करावी आणि दुसरी दहा स्टेन्सिलची.

पाण्याच्या टाकीबद्दल शिपाई मामांना दोष देऊ नये, त्यांना माप कुणी सांगितलेलंच नाही. ते मूठभर ब्लीचिंग पावडर टाकतात. ताज्या, चांगल्या पावडरीचं प्रमाण 1,000 लिटर स्वच्छ पाण्याला साधारण अडीच ग्रॅम आहे. आपली टाकी 2,000 लिटरची, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. मूठभर म्हणजे त्याच्या कितीतरी पट. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास नळ उघडायचा नाही. शाळा भरायच्या पाच मिनिटं आधी टाकलं तर पहिल्या तासाला वास मारतो आणि तोवर काम पुरतं झालेलंही नसतं. वासामुळे मुलं नळाचं पाणी पीत नाहीत, घरून लिटरची बाटली आणतात, आणि दप्तरात एक किलोची भर पडते. दप्तराच्या ओझ्यावर दर वर्षी फलकलेखन स्पर्धा होते. त्यापेक्षा टाकीवर एक चमचा दोरीने बांधून ठेवा. आणि पावडरीची पिशवी उघडी ठेवू नका, हवा लागून तिचा जोर उतरतो.

बऱ्याच मुली तर पाणीच पीत नाहीत आणि त्याचं कारण वासाचं नाही. मधली सुट्टी 20 मिनिटांची आणि मुलींची शौचालयं चार. एकीला दोन मिनिटं धरली तर सुट्टीभरात 40 मुलींचा नंबर लागतो. मुलींचा पट किती आहे ते हजेरीपटावर बघावं. पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी यांची मधली सुट्टी वेगवेगळ्या वेळी ठेवली तर एक पैसा न घालवता रांग निम्मी होईल. चारपैकी दोन दारांना आतून कडी नाही, म्हणून एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते. म्हणजे एका मुलीच्या जागी दोघींची सुट्टी जाते. आत दप्तर किंवा ओढणी अडकवायला खुंटी नाही. सॅनिटरी नॅपकिनचं यंत्र पाच रुपयांच्या नाण्यावर चालतं, नाणं अडकलं की उघडायची किल्ली ऑफिसात, आणि ऑफिसात जाऊन ती मागायची कशी? किल्ली बाईंपैकी कुणाकडे तरी असावी. कड्या आणि खुंट्या वर्गणीतून बसवून घ्याव्यात, ही आमच्या दोन्ही तुकड्यांच्या मुलींची या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ समजावी.

एसटीचं एवढंच सांगायचं आहे. शेवटचा तास 5.20 ला संपतो आणि खालच्या वाड्यांकडे जाणारी गाडी 5.15 ला सुटते. मुलींना पास मोफत, मुलांना एक तृतीयांश भाड्यात, पण पास असून उपयोग काय? वाडीची मुलं शेवटच्या तासाला कधीच नसतात आणि वेळापत्रकात त्या तासाला आठवड्यातून तीन दिवस विज्ञान आहे. मे महिन्यात आगार व्यवस्थापकांना शाळेच्या लेटरहेडवर मार्गवार आणि थांबावार मुलांची संख्या लिहून पाठवली तर जूनच्या फेऱ्यांत विचार होऊ शकतो. जुलैत पाठवलेलं पत्र पुढच्या जूनपर्यंत फाइलला लागतं. गाडी नाहीच बदलली, तर निदान शेवटच्या तासाला कार्यानुभव किंवा खेळ ठेवा.

खेळावरून खो-खोच्या खांबांचं आठवलं. गॅदरिंगच्या मांडवासाठी ते उपटतात आणि नंतर अंदाजाने पुरतात. खांब जमिनीवर 120 सेंटिमीटर हवा. आपला एक त्याहून बुटका आहे आणि दुसरा कललेला, म्हणून खांबावरून वळण घेण्याची सवय तालुक्याच्या स्पर्धेत हमखास चुकते. वरच्या टोकापासून 120 सेंटिमीटरवर आम्ही लाल पट्टा मारून ठेवला आहे. पट्टा जमिनीला टेकेपर्यंत खांब आत गेला पाहिजे, त्याहून जास्त नाही.

शेवटी, हे सगळं पुढच्या मार्चला पुन्हा बाहेर जाऊ नये म्हणून एक वही सुरू केली आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. रकाने पाच: काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं, कुणी केलं, पुन्हा कधी बघायचं. शेवटच्या रकान्यात महिना लिहिणं सक्तीचं. पहिली सव्वीस पानं भरलेली आहेत. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी दहावीने नववीला एक तास द्यावा, वही हातात घेऊन लॅब, टाकी, ग्राउंड आणि ऑफिसची खिडकी असं फिरवून आणावं, आणि त्या तासाची नोंद वार्षिक नियोजनात असावी. नियोजनात नसलेला तास ऑफ तास होतो. वही प्रयोगशाळेच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, मोरचूदाच्या बरणीशेजारी, तिथेच राहू द्यावी; ऑफिसात गेली की तिला आवक-जावक क्रमांक पडेल आणि मुलांच्या हाताला लागणार नाही.

आपले,
इयत्ता दहावी ‘अ’ आणि ‘ब’

ता. क. सभागृहातल्या चारही घड्याळांत नवे सेल घातले आहेत आणि प्रत्येक सेलवर मार्करने तारीख लिहिली आहे. स्टेजच्या डावीकडचं रोज चार मिनिटं मागे पडतं. ते उतरवून दुरुस्तीला दिलं आहे, पावती वहीच्या पहिल्या पानाला टाचली आहे.